मानेतला बुडबुडा

माझ्या मानेत, तोंडापासून मोजून चार बोटे खाली, काचेच्या आत हवेचा एक बुडबुडा अडकलेला आहे. तो तिळाएवढा आहे, जरा लांबट आणि एका बाजूला टोकदार. उजेडासमोर धरले तरच दिसतो. ज्या माणसाने मला फुंकून घडवले, त्याचा श्वास तेवढाच मागे राहिला. तो माणूस केव्हाच गेला असेल, पण त्याचा श्वास माझ्याजवळ अजून आहे.

मित्रांनो, मी एक जुनी, लांब मानेची बाटली आहे. लाइपझिग शहरात गव्हापासून एक आंबट-खारट बिअर करत, तिचे नाव गोझ. मी त्या गोझची बाटली. तुमच्यातल्या लहानांनी नुसती गोष्ट ऐकावी. मोठ्यांनाही ती जुनी चव आता कुठे मिळायची नाही.

आमच्या लांब मानेला कारण आहे. बाटलीत भरतात तेव्हा गोझ अजून जिवंत असते, आतल्या आत फसफसत असते. तेव्हाच बूच मारले तर बाटली फुटते. म्हणून आमचे तोंड उघडेच ठेवतात. मग आतले यीस्ट हळूहळू मानेत चढते, तोंडाशी वाळते, आणि वरून खाली जाड होत होत मानेत एक करडा, घट्ट गोळा बसतो. तेच आमचे बूच. ते बाहेरून कोणी लावत नाही. ते आतून यावे लागते, आणि येईपर्यंत माणसाला वाट पाहावी लागते.

माझा जन्म लाउझिट्सच्या जंगलातल्या एका काचभट्टीवर झाला. तपासणाऱ्याने मला खिडकीकडे धरले, बुडबुडा पाहिला आणि म्हणाला, "ही बाद." बांधाबांध करणारी बाई पेंढ्याचे हात झटकत म्हणाली, "एवढ्याशा हवेनं काय बुडणार आहे? टाका इकडे." तिने मला पेंढ्यात गुंडाळले. ती बाई नसती तर ही गोष्ट नसती. तिचे नाव मला माहीत नाही, याचे वाईट वाटते.

लाइपझिगमध्ये ज्या हातांनी मला पेंढ्यातून बाहेर काढले, ते आर्नो हेम्पेलचे होते. तेव्हा तो तरुण होता. आपल्या उस्तादाकडून नुकतीच त्याने ती छोटी बिअरभट्टी चालवायला घेतली होती. अंगणाच्या मागच्या बाजूला भट्टी, पुढे रस्त्याकडे तोंड करून मार्था ब्योमेचे बिअरघर आणि त्याखाली तळघर, एवढेच आमचे जग. पहिल्या खेपेची गोझ त्याने माझ्यात भरली आणि मला भट्टीच्या खिडकीत ठेवले. सहाव्या दिवशी बुचाचे खालचे टोक बरोबर माझ्या बुडबुड्याशी आले. तळघरातल्या बाटल्याही त्याच दिवशी तयार झाल्या होत्या.

"मार्था, ही बघ," तो ओरडला. "ही बाटली नाही, मोजपट्टी आहे!"

तेव्हापासून प्रत्येक खेपेची पहिली गोझ माझ्या पोटात पडू लागली. बूच बुडबुड्याला टेकले की आर्नो तळघराकडे हाक मारी, "झाली गं!" सहा दिवस. कडक थंडीत फार तर सात. पुढे कित्येक वर्षे हा हिशोब चुकला नाही.

मग लढाई आली. गहू मिळेना, कोळसा मिळेना. शेवटच्या खेपेचा, जिवंत यीस्टचा दोन घोट गाळ आर्नोने माझ्यात ठेवला आणि मला तळघरात कोळशाच्या ढिगाआड पुरले. दर पंधरा दिवसांनी येऊन तो मला चमचाभर माल्टचे पाणी पाजी. वर बाँब पडत, भिंतीचा चुना माझ्या खांद्यांवर झडे, आणि माझ्या पोटात ते दोन घोट तग धरून होते. मित्रांनो, मी आयुष्यात केलेले सर्वांत मोठे काम हेच. मी काही केले नाही, फक्त फुटले नाही.

लढाई संपल्यावर काही वर्षांनी पुन्हा गहू मिळाला. त्या दोन घोटांतून पुन्हा गोझ उभी राहिली. पहिल्या दिवशी लोक घरून पेले घेऊन रांगेत आले होते. टेट्झनर नावाच्या ट्राम कंडक्टरने तर माझ्या मानेचा मुका घेतला. त्याच्या मिशा ओल्या होत्या.

त्याच सुमारास आर्नोने लग्न केले. बायको विधवा होती, तिच्याबरोबर नऊ वर्षांची मुलगी आली, रोस्विता. ती त्याला बाबा म्हणाली नाही, आर्नोकाका म्हणाली, आणि ते तसेच राहिले. रोस्विता फार बोलत नसे. बघत असे. माझा बुडबुडा आर्नोनंतर नीट पाहिला तो तिने. शाळेच्या प्रयोगासाठी तिने एकदा पाव लिटर गोझ चुलीवर आटवली, मग बशीत उरलेले जाळून खाली राहिलेली पांढरी राख तोलली आणि वहीत लिहिले: लिटरला पाच ग्रॅम मीठ.

"पाच ग्रॅम!" आर्नो हसला. "मी मुठीनं घालतो आणि चाखतो. तुझ्या तराजूला जीभ आहे का गं, पोरी?"

तराजूला जीभ नाही, हे तो पुढे अनेकदा म्हणाला. रोस्विता शिकली, रसायनशास्त्राची पदवी घेतली, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका प्रयोगशाळेत कामाला लागली. तिची आई गेली. तरी रविवारी ती यायची, अंगण झाडायची आणि वर्षातून एकदा, वसंतात, पहिल्या खेपेच्या आधी विचारायची, "आर्नोकाका, मला शिकवा ना."

"बघू. पुढच्या वर्षी."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

"मग यंदा बदलू कशाला?"

उस्तादाने त्याला कागदावर काही लिहायचे नाही असे बजावले होते. म्हणून गहू किती, धणे किती भाजायचे, आंबट पाणी केव्हा ओतायचे, सगळे त्याच्या हातात आणि जिभेवर होते. शहरातल्या बाकीच्या गोझ-भट्ट्या एकेक करून बंद पडल्या होत्या. ही विद्या आता एकाच माणसात होती, आणि तो माणूस "बघू" म्हणत होता. मी खिडकीत बसून ऐकत होते. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. आम्हा दोघांनाही वाटत होते की वर्षे पुष्कळ आहेत.

एका हिवाळ्यात आर्नोला मोठा ताप आला. तीन आठवडे भट्टी थंड होती. बरा होऊन आला तेव्हा वाळला होता, पण हात तसेच चालत होते. नवी खेप झाली, मला खिडकीत ठेवले. सहावा दिवस गेला. सातवा गेला. बूच बुडबुड्याला टेकले ते नवव्या दिवशी.

"थंडी आहे," आर्नो म्हणाला.

पुढच्या खेपेला अकरा दिवस लागले. बाहेर लिंडेनची झाडे फुलली होती, त्यामुळे थंडी आहे असे त्याला म्हणता आले नाही.

बिअरघरात कुरबुर सुरू झाली. आमच्याकडे गोझमध्ये शहाजिऱ्याची दारू घालून पितात, तिला छत्री म्हणतात. टेट्झनर आता निवृत्त झाला होता आणि रोज दुपारी एक छत्री घेत असे. एके दिवशी तो पेला घेऊन भट्टीच्या दारात आला.

"आर्नो, समुद्र इथून लांब पडतो म्हणून तू तो घरीच आणलास होय? मासे कुठं सोडलेस ते सांग, गळ घेऊन येतो."

"तुझ्या जिभेवर चाळीस वर्षांची ट्रामची धूळ आहे, म्हातारड्या."

"धूळ असेल बाबा. पण धूळ खारट नसते."

दोघे हसले. पण टेट्झनर गेल्यावर आर्नोने दार लोटून घेतले. मिठाच्या लाकडी डब्यातून एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि खिडकीपाशी, अगदी माझ्यासमोर, उभा राहिला. पूर्वी मीठ चाखताना त्याचा उजवा डोळा बारीक होई. त्या दिवशी डोळा बारीक झाला नाही. त्याने दुसरा खडा ठेवला. मग चिमूटभर. तो वाट पाहत राहिला, माझ्यात बूच यायची वाट पाहावी तसा. मग त्याने हौदाशी जाऊन चूळ भरली आणि धणे भाजायला घेतले.

म्हणजे त्याला कळले होते. आणि मलाही. त्याच्या जिभेवरून मीठ गेले होते. चव लागेना म्हणून तो मूठ वाढवत होता. मूठ वाढत होती म्हणून माझ्या पोटातले यीस्ट गुदमरत होते. बूच उशिरा येत होते ते एवढ्याचमुळे. मला हे सगळे माहीत होते, पण बाटलीला सांगता येत नाही. ज्याला सांगता येत होते, तो धणे भाजत होता.

त्या उन्हाळ्यात त्याने जे केले, ते मला अजून आठवायला नको वाटते. एका खेपेला पंधरा दिवस झाले तरी तळघरातल्या बेचाळीस बाटल्यांत बूच धरले नाही. गोझ मेली, नुसते खारट पाणी उरले. मार्थाबाई कमरेवर हात ठेवून अंगणात आली.

"मी गिऱ्हाइकाला काय देऊ आता? जखमा धुवायचं पाणी?"

"दोष बाटल्यांचा आहे," आर्नो म्हणाला. "तुझ्या तळघरात नीट धुतल्या जात नाहीत."

"इतकी वर्षं मीच धुतेय! आताच बरी घाण लागली!"

"काच जुनी झालीय. आत किटण धरलंय. काढून टाकायला पाहिजेत."

आणि त्याने त्या बेचाळीस बाटल्या एकेक करून अंगणातल्या दगडावर फोडल्या. माझ्याबरोबर एकाच पेंढ्यातून आलेल्या काही त्यांत होत्या. मी खिडकीतून मोजत होते. तो रागात नव्हता, मित्रांनो, आणि मला अजून सलते ते हेच. प्रत्येक बाटली उचलल्यावर तो क्षणभर थांबत होता. चूक कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो असा थांबत नाही.

लांब मानेच्या बाटल्या तेव्हा कुठेच होत नव्हत्या. माझ्या काचभट्टीवर आता लोणच्याच्या बरण्या घडत होत्या. त्या बेचाळीस गेल्या त्या गेल्याच; पुढच्या खेपा उरलेल्या थोड्या बाटल्यांवरच काढायच्या होत्या.

रविवारी रोस्विता आली. राखेच्या ढिगात तिने काचा पाहिल्या. मला उचलून उजेडासमोर धरले. बूच बुडबुड्याच्या दोन बोटे वरच अडकले होते. तिने पिशवीतून पट्टी काढून ते अंतर मोजले, आणि आर्नो अंगणात असताना एका छोट्या शिशीत थोडी गोझ ओतून घेतली. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा तिच्या हातात शाळेतली जुनी वही होती. "लिटरला पाच ग्रॅम" याच्या खाली नवी ओळ होती: लिटरला चौदा.

तिने ती वही त्याला दाखवली का? नाही. दोनदा पिशवीतून काढली, दोनदा परत ठेवली. एकदा म्हणाली, "आर्नोकाका, या खेपेला मी मीठ तोलून देऊ का?" तो म्हणाला, "तराजूला जीभ नाही." ती गप्प बसली. वर्षानुवर्षे ज्या माणसाच्या जिभेवर गल्लीने विश्वास ठेवला, त्याला तुमची जीभ गेली असे कसे सांगायचे, हे तिच्या शिक्षणात कुठे आले नव्हते. तिचे ते गप्प राहणे मला समजते. पण त्यात आणखी तीन खेपा गेल्या आणि टेट्झनर दुसरीकडे साधी बिअर प्यायला जाऊ लागला.

शरद ऋतूत मार्थाबाईने सांगून टाकले, "आर्नो, ही शेवटची. हिला बूच धरलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून मी सरकारी कारखान्याची बिअर ठेवणार. मला दुकान चालवायचंय." हे ती भांडून बोलली नाही. तिचा आवाज खाली होता, आणि म्हणून ते जास्त लागले. तिच्याशिवाय गोझ घेणारे बिअरघर शहरात दुसरे उरले नव्हते.

पुढचे सांगण्याआधी एक सांगून टाकते, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायला नको. आज मी रोस्विताच्या खिडकीत आहे. माझ्यात वाळलेल्या गवताच्या दोन काड्या आहेत. आर्नो त्या शेवटच्या खेपेनंतर एकच हिवाळा आणि एकच उन्हाळा जगला. तेवढ्यात रोस्विताच्या हातून अकरा खेपा झाल्या. अकरा खेपांत जेवढे शिकता येते तेवढे ती शिकली. पण धणे किती काळे होईपर्यंत भाजायचे, आंबट पाणी ओतण्याआधी तो हंड्याला कान लावून काय ऐकायचा, हे राहून गेले. मीठ बरोबर पडले, बूच सहा दिवसांत आले, पण पूर्वीची गोझ प्यालेले लोक पेला खाली ठेवून म्हणत, "चांगली आहे," आणि आणखी काहीतरी आठवत असल्यासारखे गप्प होत. पुढे भट्टीची जागाच गेली. रोस्विता पहिल्याच वसंतात शिकली असती तर? मी बाटली आहे, मला असे प्रश्न पडू नयेत. पण रिकामी बाटली दुसरे काय करणार?

म्हणून मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात कोणाच्या तरी हातात, जिभेवर, कानात एखादी विद्या असेल. ती माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. ती "बघू" म्हणाली तरी उठून जाऊ नका. आणि त्यांचे काही चुकू लागले, तर त्यांचे मन राखायला गप्प राहू नका. गप्प राहिल्याने काय फुटते, ते मी पाहिले आहे.

आता त्या दिवसाचे सांगते.

शेवटच्या खेपेचा दिवस होता. रोस्विताने रजा घेतली होती. तांब्याच्या मोठ्या हंड्यात गव्हाचे पाणी उकळत होते, धणे पडले होते, आणि हंड्याखालची आग ओढून घ्यायच्या आधी मीठ घालायचे राहिले होते. दुपारी मार्थाबाई सुपाचे भांडे घेऊन आली. कितीही भांडण झाले तरी भट्टी पेटलेल्या दिवशी तिच्याकडून बटाट्याचे सूप यायचे, ही तिथली रीत. वाफेला मरव्याचा वास होता. तिघे माझ्या खिडकीखालच्या बाकावर बसले. मार्थाबाईने तिघांना वाढले.

आजवर एकाही दिवशी आर्नोने ते सूप मुकाट्याने खाल्ले नव्हते. दर वेळी पहिल्या घोटाला तो म्हणायचा, "मार्था, मिठावर कर बसलाय का गं?" आणि मार्थाबाई म्हणायची, "तुझ्या जिभेला हंडाभर मीठ घाल." पण आज त्याला भांडायचे नव्हते. तिने सांगितलेले त्याच्या मनात होते. तो भराभर जेवला. वाटी पाव लावून पुसली आणि जरा लाजत, तिच्याकडे न बघता म्हणाला,

"आज मीठ अगदी बेताचं पडलंय, मार्था. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मार्थाबाई खूश झाली. तिने आपला पहिला चमचा तोंडात घातला आणि तिचा चेहरा बदलला.

"अरे देवा," ती म्हणाली. "सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही माझं. यात तर मीठच..."

ती थांबली. रोस्विताने चमचा हातातच ठेवला होता. तिची वाटी भरलेली होती.

आर्नोने मार्थाबाईच्या वाटीकडे पाहिले. मग रोस्विताच्या. मग आपल्या पुसलेल्या वाटीकडे.

"अजिबात नाही?" त्याने विचारले.

"खडासुद्धा नाही," मार्थाबाई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला. "केव्हापासून रे, आर्नो?"

"तापापासून."

"आणि तू..." तिने अंगणातल्या दगडाकडे पाहिले. "बरं, असू दे. मी मीठ आणते."

"तू बस." मान वर करून त्याने माझ्याकडे, खिडकीकडे पाहिले. "बेचाळीस होत्या. त्यांचा काही दोष नव्हता."

रोस्विताने पिशवीतून वही काढली. या वेळी ती परत ठेवली नाही, बाकावर त्याच्या बाजूला सरकवली. त्याने पान उघडले. पाच. त्याखाली चौदा. चौदाखालची तारीखही त्याने वाचली.

"तुला उन्हाळ्यातच कळलं होतं."

"हो."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतंत तर बोलले असते," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. ते खरं नाही. मला धीर झाला नाही, काका."

हंड्यातले पाणी वर येऊन कडेला लागले. आग आता ओढायलाच हवी होती. आर्नो उठला. सवयीने त्याचा हात मिठाच्या डब्यात गेला आणि भरलेली मूठ हंड्यावर आली. मी त्या मुठीकडे पाहत होते, दोघी पाहत होत्या. वाफेत त्याचा हात तसाच थांबला. बोटांच्या फटीतून दोन-चार खडे पडले. मग त्याने हात मागे घेतला आणि मूठ पुन्हा डब्यात सोडली. एकेक बोट उघडून, सावकाश.

हात विजारीला पुसून तो वळला.

"तुझा तराजू आण," तो म्हणाला. "आजपासून मीठ तू घालायचं, पोरी."